पासपोर्ट आणि अभय

हिंसाचार पेटलेल्या देशात अडकलेल्या परदेशी माणसाला वाचवण्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाला आज जगभर एकच उत्तर दिले जाते: ज्या देशाचा पासपोर्ट त्याच्या खिशात आहे, त्या देशाची. परदेशात आपल्या नागरिकांच्या हिताचे रक्षण करणे हे वाणिज्य दूतावासाचे काम असल्याचे १९६३च्या व्हिएन्ना कराराने नोंदवले आहे. इराकने कुवेत बळकावल्यावर १९९० मध्ये एअर इंडियाच्या विमानांनी १ लाख ७० हजारांहून अधिक भारतीयांना अम्मानहून मायदेशी आणले. लिबिया, येमेन, युक्रेन, सुदान इथेही पुढे तेच झाले. सरकारने आपली माणसे आधी बाहेर काढावीत याबद्दल कोणाचा आक्षेप नसतो. पण त्याच वेळी त्याच रस्त्यावर, त्याच बंदुकीच्या टप्प्यात, पासपोर्ट नसलेली माणसेही उभी असतात. जीव सगळ्यांचा सारखा असेल तर वाचवताना आपला आणि परका हा भेद कशाच्या आधारावर करायचा, आणि तो कुठपर्यंत ताणायचा, हा धर्माचा आणि नीतीचा प्रश्न आहे. तो सर्वांत उघडपणे समोर आला तो १९९४ मध्ये रवांडात.

६ एप्रिल १९९४ च्या रात्री रवांडाचे राष्ट्राध्यक्ष ज्युवेनाल हब्यारिमाना यांचे विमान राजधानी किगालीजवळ पाडण्यात आले. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान अगाथ उविलिंगियिमाना यांची हत्या झाली. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतले १० बेल्जियन सैनिकही त्याच दिवशी मारले गेले. रस्त्यारस्त्यांवर नाके उभे राहिले आणि अल्पसंख्य तुत्सी जमातीची ठरवून कत्तल सुरू झाली. नाक्यावर ओळखपत्र मागितले जाई आणि त्यावर जमात लिहिलेली असे. ही नोंद १९३०च्या दशकात बेल्जियमच्या वसाहती प्रशासनाने सुरू केली होती. म्हणजे त्या आठवड्यात किगालीत माणसाचे जगणे-मरणे दोन कागदांवर, पासपोर्टवर आणि ओळखपत्रावर, ठरत होते. एका कागदामुळे नाके उघडत होते, दुसऱ्यामुळे कोयता उगारला जात होता, आणि दुसऱ्या कागदाची पद्धत पहिला कागद बाळगणाऱ्यांच्याच देशाने घालून दिलेली होती.

फ्रान्स, बेल्जियम आणि इटली यांचे निवडक सैनिक काही दिवसांतच किगालीत उतरले. त्यांना दिलेले काम आपापले नागरिक आणि इतर परदेशी लोक बाहेर काढण्याचे होते. अमेरिकेने आपली माणसे मोटारींच्या ताफ्याने बुरुंडीत नेली. आठवडाभरात बहुतेक परदेशी सुखरूप निघाले. मोहीम म्हणून पाहिले तर हे काम चोख झाले. शांतिसेनेचे प्रमुख रोमिओ डालेर यांनी मात्र पुढे वारंवार मांडले, की या ताज्या, सुसज्ज तुकड्या आपल्या पथकाला जोडल्या असत्या तर कत्तल रोखता आली असती.

किगालीच्या किचुकिरो भागात सॅलेशियन धर्मगुरूंची एक तांत्रिक शाळा होती. तिथे सुमारे ९० बेल्जियन सैनिकांचा तळ होता. निळे शिरस्त्राण आणि संयुक्त राष्ट्रांचा झेंडा पाहून आसपासचे सुमारे दोन हजार लोक आवारात येऊन राहिले. त्यांत शेकडो लहान मुले होती. हल्लेखोरांच्या टोळ्या कुंपणाबाहेर बसून होत्या, पण सैनिक आत असेपर्यंत त्या फाटक ओलांडत नव्हत्या. ११ एप्रिलला परदेशी नागरिकांना तिथून नेण्यात आले आणि पाठोपाठ बेल्जियन तुकडीलाही निघण्याचा हुकूम आला. लोकांना कळले तेव्हा काही जण गाड्यांपुढे आडवे झाले. निदान तुम्हीच आम्हाला गोळ्या घाला, कोयत्याने मरू देऊ नका, अशी विनवणीही काहींनी केली. सैनिकांनी हवेत गोळीबार करून वाट मोकळी केली. त्याच दिवशी टोळ्यांनी या लोकांना न्यान्झा टेकडीकडे हाकत नेले आणि त्यांतल्या बहुतेकांना ठार केले. २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने ठराव ९१२ करून शांतिसेना २७० जणांवर आणली. सुमारे १०० दिवसांत आठ लाख माणसे मारली गेली असावीत, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे.

आपल्या माणसाला आधी वाचवावे या भूमिकेमागे चांगली कारणे आहेत, आणि ती बाजूला सारून या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही. स्विस विधिज्ञ एमर द वातेल याने १७५८ मध्ये मांडले, की परदेशात एखाद्या नागरिकाला छळले तर तो त्याच्या राष्ट्राचाच अपमान ठरतो आणि राष्ट्राला त्याच्या मागे उभे राहावे लागते. आजचे राजनैतिक संरक्षणाचे कायदे याच विचारातून वाढले. नागरिक कर भरतो, कायदा पाळतो, वेळ पडल्यास लढतो. त्याच्या बदल्यात राज्य त्याला संकटात टाकून देणार नाही, हा दोघांतला करार आहे. उलट टोकाला विल्यम गॉडविन हा इंग्रज विचारवंत उभा आहे. १७९३च्या आपल्या ग्रंथात त्याने प्रश्न टाकला: घराला आग लागली, आत थोर लेखक आर्चबिशप फेनेलाँ आणि त्यांची दासी आहे, आणि एकालाच बाहेर काढता येते. ती दासी वाचवणाऱ्याची स्वतःची आई असली तरी ज्याच्या जगण्याने जगाचे अधिक भले होईल त्यालाच वाचवावे, कारण 'माझी' या शब्दाने न्याय बदलत नाही, असे त्याचे म्हणणे. वाचकांनी त्याला तेव्हाही झोडपले. विसाव्या शतकात तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी याच विचाराचा मर्मभेद केला: बुडणाऱ्या पत्नीला वाचवण्याआधी जो माणूस 'हे न्यायाला धरून आहे का' असा हिशोब करतो, त्याने गरजेपेक्षा एक विचार जास्त केला.

नवरा-बायकोचे नाते आणि राज्य-नागरिकाचे नाते एका जातीचे नाही, हे मात्र विसरता येत नाही. राज्य ही प्रेमाने बांधलेली संस्था नाही. म्हणून या बाबतीत राजकीय तत्त्वज्ञ रॉबर्ट गुडिन यांनी १९८८ मध्ये केलेली मांडणी सगळ्यांत टिकाऊ वाटते. त्यांच्या मते प्रत्येक माणसाच्या जिवाची जबाबदारी मुळात सर्वांवर आहे. राज्ये ही त्या जबाबदारीची वाटणी करण्याची सोय आहे. मोठ्या रुग्णालयात प्रत्येक डॉक्टरला ठराविक खाटा नेमून दिलेल्या असतात, तसे. त्याने आपल्या खाटांवरच्या रुग्णांकडे आधी पाहावे हे योग्यच, कारण त्यामुळे सगळ्यांची नीट देखभाल होते. पण ज्या खाटेला डॉक्टरच उरलेला नाही तिथला रुग्ण त्याच्या डोळ्यांदेखत गुदमरत असेल, तर ती खाट माझी नाही हे उत्तर चालत नाही. तुत्सींचे राज्य त्यांना नुसते सोडून गेलेले नव्हते, तेच त्यांना मारत होते. वाटणीतून पूर्णपणे सुटलेली अशी माणसे पुन्हा सगळ्यांच्या जबाबदारीत येतात, आणि त्या क्षणी जो शस्त्र घेऊन जवळ उभा असेल त्याच्या जबाबदारीत सर्वांत आधी.

महाभारतात हा प्रश्न दोनदा येतो, आणि दोन्ही वेळा परीक्षा घेणारा धर्मच आहे. वनपर्वात चारही भाऊ मरून पडलेले असताना यक्ष युधिष्ठिराला एकालाच जिवंत करण्याची मुभा देतो. भीम आणि अर्जुन हे सख्खे भाऊ, शिवाय युद्धासाठी लागणारे. युधिष्ठिर नकुलाला निवडतो, कारण कुंतीचा एक मुलगा जिवंत आहे, माद्रीचाही एक असावा. इथे रक्ताचे नाते आणि उपयुक्तता दोन्ही बाजूला पडतात आणि ज्याच्या बाजूने बोलणारे कोणी उरले नाही त्याचा हक्क पुढे येतो. दुसरा प्रसंग महाप्रस्थानिक पर्वातला आहे आणि परदेशी नागरिकांना बाहेर काढण्याच्या मोहिमेशी तो इतका जुळतो की वाचताना किगाली आठवावी. इंद्र रथ घेऊन येतो. रथात जागा युधिष्ठिराला आहे, त्याच्यामागे चालत आलेल्या कुत्र्याला नाही. इंद्राचा युक्तिवाद कोणत्याही अधिकाऱ्याला शोभेल असा आहे: वाटेत पडलेल्या द्रौपदीला आणि भावांना मागे ठेवून आलास, मग या कुत्र्यासाठी का अडून बसतोस? युधिष्ठिराचे उत्तर असे, की ते मेलेले होते, त्यांना जिवंत करणे हाती नव्हते. जिवंतपणी त्यांना सोडले नाही. भरवसा ठेवून आलेल्याला टाकणे हे मोठ्यात मोठ्या पापांच्या बरोबरीचे आहे, असे तो म्हणतो आणि रथात चढायला नकार देतो. जे हाताबाहेर आहे त्याचा दोष लागत नाही, पण हाती असताना सोडले तर लागतो, हा भेद त्याने नेमका पकडला आहे. शाळेतल्या त्या तुकडीने साऱ्या रवांडाला वाचवावे असे कोणी म्हटले नसते. आवारात आलेले दोन हजार मात्र त्यांच्या हाती होते.

परक्याला अभय देण्याचा सर्वांत बांधीव कायदा इस्लामी परंपरेत सापडतो. कुराणाच्या नवव्या सूरेतली सहावी आयत युद्धाच्या काळातही शरण मागणाऱ्या परधर्मीयाला आश्रय द्यायला आणि नंतर त्याला त्याच्या सुरक्षित ठिकाणी पोहोचवायला सांगते. आश्रय दिला की काम संपत नाही. सुरक्षित जागी पोहोचेपर्यंत ते चालू राहते, हे त्यातले महत्त्वाचे. या अभयाला 'अमान' म्हणतात. मक्केच्या विजयाच्या वेळी, ६३० मध्ये, अलींची बहीण उम्म हानी हिने सासरच्या दोघांना अमान दिला. अली त्यांना मारायला निघाले, पण पैगंबरांनी तिचा शब्द कायम ठेवला. फौजेत अधिकार नसलेल्या एका स्त्रीने दिलेले अभय साऱ्या विजयी सैन्यावर बंधनकारक ठरले. अनेक आधुनिक इस्लामी विद्वान व्हिसालाही अमानच मानतात. त्या हिशोबाने परदेशी पाहुण्याचे अपहरण करणारी टोळी धर्माचे नाव घेत असली, तरी धर्माने घातलेले बंधनच तोडत असते.

इमान्युएल कांट याने १७९५ मध्ये 'शाश्वत शांती'वरील निबंधात परक्याचा हक्क फार मोजून लिहिला. दुसऱ्याच्या भूमीवर गेलेल्या माणसाला शत्रूसारखे वागवले जाऊ नये, एवढाच तो हक्क. यजमान त्याला परत पाठवू शकतो, पण त्यात त्याचा नाश होणार नसेल तरच. ही अट छोटी दिसते, तरी फेब्रुवारी २०२२ च्या शेवटी युक्रेन-पोलंड सीमेवर तीच मोडली गेली. युद्धातून पळणाऱ्या भारतीय आणि आफ्रिकी विद्यार्थ्यांना रांगेत मागे ढकलल्याच्या तक्रारी आल्या. थंडी गोठवणारी होती आणि मागे बॉम्बहल्ले चालू होते.

संकटात सापडलेल्या प्रवाशाचाही यात काही वाटा असतो. धोक्याची सूचना झुगारून गेलेल्याला सोडवण्याचा खर्च आणि जोखीम समाजाने किती उचलावी, यावर यहुदी परंपरेने शतकानुशतके काथ्याकूट केला आहे. कैद्याला सोडवण्याइतके मोठे पुण्य नाही, असे बाराव्या शतकात मायमोनिडीस लिहितो. पण त्याच्याही आधीच्या मिश्ना या यहुदी कायदेसंग्रहात मर्यादा घातलेली आहे: कैद्याच्या किमतीहून अधिक खंडणी देऊ नये, नाहीतर अपहरणाचा धंदाच सुरू होईल. तेराव्या शतकातले रोथेनबर्गचे रब्बी मेईर कैदेत असताना त्यांनी स्वतःसाठी अवाच्या सवा खंडणी देऊ नये असे सांगितले, अशी परंपरा आहे. १२९३ मध्ये ते कैदेतच वारले. आधुनिक काळात जर्मनीत या वादाला कायद्याचे रूप मिळाले. कोलंबियात २००३ मध्ये ओलीस धरलेल्या एका पर्यटक स्त्रीला सोडवताना वापरलेल्या हेलिकॉप्टरचा खर्च सरकार तिच्याकडून वसूल करू शकते, असा निकाल जर्मनीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २००९ मध्ये दिला.

हौशी पर्यटकाला हा न्याय लावता येईल, सरसकट सगळ्यांना लावता येणार नाही. फेब्रुवारी २०२२ च्या मध्यावर कीव्हमधल्या भारतीय दूतावासाने विद्यार्थ्यांना तात्पुरते निघून जाण्याचा विचार करायला सांगितले होते. कर्ज काढून, शेत विकून वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेल्या मुलांपुढे वर्गातल्या हजेरीचा प्रश्न होता. ऑनलाइन तासांची खात्री नव्हती आणि तिकिटांचे दर चढलेले होते. महाराष्ट्रातल्या अनेक घरांनी ते दिवस टीव्हीसमोर काढले. आखातातल्या मजुराची अवस्था याहून बिकट असते, कारण अनेकदा त्याचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात असतो. येमेनमध्ये २०१५ साली थकलेला पगार आणि डोक्यावरचे कर्ज यांच्यामुळे काही परिचारिकांचा पाय निघत नव्हता. ज्याला निघण्याची मोकळीक नव्हती त्याला 'का थांबलास' असे विचारणे अन्याय आहे.

आपल्या माणसांना वाचवण्याच्या घाईत दुसऱ्याची वाट बंद होऊ शकते, हे सुदानने दाखवले. १५ एप्रिल २०२३ रोजी खार्टूममध्ये लष्कर आणि निमलष्करी दल यांच्यात लढाई जुंपली. २२ एप्रिलला अमेरिकेने हेलिकॉप्टरने आपले दूतावास कर्मचारी काढून नेले. व्हिसासाठी अर्ज केलेल्या सुदानी नागरिकांचे पासपोर्ट दूतावासातच होते. संवेदनशील कागदपत्रे नष्ट करण्याच्या ठरलेल्या पद्धतीनुसार ते नष्ट करण्यात आले. इतर काही पाश्चात्त्य दूतावासांत ते कुलूपबंद राहिले. ज्या कागदाच्या बळावर इजिप्तची सीमा ओलांडता आली असती तोच हातून गेला. इथे प्रश्न मदत न करण्याचा राहत नाही. मदत करणे ऐच्छिक मानले तरी अपाय न करणे ऐच्छिक असू शकत नाही, यावर जवळजवळ प्रत्येक नीतिविचाराचे एकमत आहे. त्याच सुदानमधून भारताने 'ऑपरेशन कावेरी'त ३,८०० हून अधिक भारतीयांना पोर्ट सुदान आणि जेद्दामार्गे परत आणले, आणि वादी सैयदना इथल्या लहानशा धावपट्टीवर हवाई दलाचे विमान रात्री उतरवून १२१ जणांना उचलले. ते काम अभिमानास्पदच होते. खार्टूमच्या गल्लीबोळांत जे सुदानी तरुण शेजाऱ्यांना आणि परक्यांना पाणी, औषधे आणि निघण्याची वाहने मिळवून देत फिरत होते, त्यांच्यासाठी मात्र कुठूनही जहाज येणार नव्हते.

यावर व्यवहाराचा एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही. नाक्यावरचा बंदूकधारी परदेशी ताफ्याला जाऊ देतो ते त्यात परदेशी आहेत म्हणूनच. स्थानिक माणूस गाडीत सापडला तर सगळ्यांचाच जीव जाईल. किगालीत काही ठिकाणी ही भीती खरी होती. पण तिच्या आड फार काही लपवले गेले. सेनेगलचे कॅप्टन म्बाये दियाग्ने हे शांतिसेनेतले निःशस्त्र निरीक्षक होते. ते एकेका खेपेत चार-पाच जणांना गाडीत घालून नाक्यांमधून नेत. हसून, सिगारेट देऊन, गप्पा मारून वाट काढत. शेकडो माणसे त्यांनी वाचवली, असे सोबतचे अधिकारी सांगतात. ३१ मे १९९४ रोजी तोफगोळ्याने ते मारले गेले. एकटा निःशस्त्र माणूस एवढे करू शकत होता, तर शाळेतली सशस्त्र तुकडी नुसती जागेवर थांबून बरेच काही करू शकली असती.

गिसेनी शहरात फेलिसिते नियितेगेका या हुतू, म्हणजे हल्लेखोरांच्याच जमातीच्या, धर्मभगिनी एक धार्मिक केंद्र चालवत. तुत्सी तिथे लपायला येत आणि त्या त्यांना आजच्या काँगोच्या सीमेपलीकडे पोहोचवत. त्यांचा भाऊ सैन्यात कर्नल होता. त्याने त्यांना एकटीला सुटण्याची संधी देऊ केली. त्यांनी नाकारली. २१ एप्रिल १९९४ रोजी त्यांना आश्रितांसह ठार करण्यात आले. रवांडाने आज त्यांना राष्ट्रवीरांमध्ये स्थान दिले आहे. असे हौतात्म्य कोणत्याही सरकारकडून मागता येत नाही आणि मागूही नये. सरकारकडून मागता येते ते बरेच कमी आहे, आणि येमेनमध्ये २०१५ साली ते प्रत्यक्ष दिसले. 'ऑपरेशन राहत'मध्ये भारताने सुमारे ४,६०० भारतीयांबरोबर ४१ देशांच्या ९६० नागरिकांना एडन, होदेदा आणि साना इथून बाहेर काढले. पाकिस्तानच्या नौदलाने मुकल्लाहून ११ भारतीयांना उचलून आणले. पासपोर्ट कोणाचा हे पाहून रांग लागली असेल, पण परका म्हणून फाटकावरून माघारी पाठवण्याची पद्धत तिथे नव्हती. यादीत आपला माणूस आधी असावा, हे न्यायाला धरून आहे. झेंड्याच्या भरवशावर आवारात आलेल्याला यादीत नाव नाही म्हणून मारेकऱ्यांच्या हाती सोडून निघणे हा अधर्म आहे, मग हुकूम कोणाचाही असो.

बेल्जियमचे पंतप्रधान गी व्हेरहोफस्टाट यांनी एप्रिल २००० मध्ये किगालीत जाऊन रवांडाच्या जनतेची क्षमा मागितली. क्षमायाचनेपेक्षा उपयोगी पडतील असे नियम शांततेच्या काळात लिहिता येतात: दूतावासातले स्थानिक चालक, पहारेकरी, दुभाषे आणि त्यांची कुटुंबे बाहेर काढायच्या यादीत धरली जातील, व्हिसासाठी घेतलेले पासपोर्ट दार बंद होण्याआधी मालकांना परत मिळतील, आवारात आश्रय दिलेल्यांची सोय लावल्याशिवाय शेवटची गाडी हलणार नाही. प्रत्येक देशाने, आणि भारतानेही, हे नियम पुढची लढाई पेटण्याआधी लिहून ठेवावेत.